सरासरी जुळली म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर?

पेशीतील रेणूंची संख्या यादृच्छिकपणे बदलत असते. तिचे सिम्युलेशन करणारे सॉफ्टवेअर दर वेळी वेगळे उत्तर देते. मग ते अचूक आहे की नाही, हे कसे तपासायचे? इव्हान्स, गिलेस्पी आणि विल्किन्सन यांनी २००८ मध्ये ‘बायोइन्फॉर्मॅटिक्स’ या नियतकालिकात यासाठी एक चाचणीसंच मांडला. तो उपयुक्त आहे, पण त्याला मर्यादाही आहे.

संचातील कल्पना साधी आहे : ज्याचे उत्तर गणिताने काढता येते, असे मॉडेल निवडायचे. उदाहरणार्थ, जन्म-मृत्यू मॉडेल घेऊ. सुरुवातीला १०० रेणू, जन्मदर ०.१ आणि मृत्युदर ०.११. कालमापनाच्या ५० एककांनंतर सरासरी ६०.६५ आणि प्रमाण विचलन २२.३९ यायला हवे. सॉफ्टवेअर अनेकदा चालवून मिळालेल्या सरासरीतून ही सरासरी वजा करायची व फरकाला प्रमाण त्रुटीने भागायचे. भागाकार −३ ते +३ यांच्या दरम्यान असावा. प्रमाण विचलनासाठी वेगळी कसोटी आहे आणि ती अत्यावश्यक आहे. दर वेळी ६०.६५ हेच उत्तर देणारा प्रोग्रॅम पहिल्या कसोटीत उत्तीर्ण होईल. दुसरीत मात्र पकडला जाईल.

किती वेळा चालवले, यालाही महत्त्व आहे. समजा, प्रोग्रॅममध्ये मृत्युदर चुकून ०.१११ पडला. आता खरी सरासरी ५७.६९ होते. १०० वेळा चालवल्यास भागाकार −१.३ च्या आसपास येईल आणि चूक लपेल. १०,००० वेळा चालवल्यास तो −१३ च्या आसपास जाईल. म्हणून ही संख्या न सांगता केलेल्या ‘उत्तीर्ण’ या दाव्याला फारसा अर्थ नाही. उलट, बिनचूक प्रोग्रॅमही कोणत्याही एका क्षणी १०,००० पैकी साधारण २७ चाचण्यांत या मर्यादेबाहेर जातो. एका अपयशावरून त्याला दोषी ठरवू नये.

संचाची खरी उणीव अशी, की प्रत्येक क्षण सुटा तपासला जातो. प्रत्येक क्षणासाठी योग्य वितरणातून नव्याने संख्या काढणारा प्रोग्रॅमही उत्तीर्ण होईल. त्यात ४९ व्या क्षणी ९० आणि ५० व्या क्षणी ३० रेणू सहज दिसतील. प्रत्यक्षात ९० रेणूंमध्ये एका एककात होणाऱ्या बदलाचे प्रमाण विचलन जेमतेम ४ असते. उपाय सोपा आहे : या दोन क्षणांच्या संख्यांतील सहसंबंधही तपासावा. या मॉडेलमध्ये तो सुमारे ०.९९ असायला हवा.

थोडक्यात, हा संच चुकीचे सॉफ्टवेअर नाकारण्यासाठी चांगला आहे. अचूकतेचे प्रमाणपत्र म्हणून तो पुरेसा नाही.