जन्माने गुन्हेगार? : ‘उचल्या’चे गुन्हाशास्त्रीय वाचन

प्रस्तावना :

गुन्हा कोणता, हे कायद्याच्या पुस्तकात पाहता येते. गुन्हेगार कोणाला म्हणायचे, हे मात्र समाजातील सत्तासंबंध ठरवीत असतात, असे चिकित्सक गुन्हाशास्त्राचे प्रमुख प्रतिपादन आहे. आपल्याकडे पदवी व पदव्युत्तर वर्गांत हा विषय शिकविताना लोंब्रोसो, दुर्खीम, सदरलंड, बेकर ही नावे ओळीने येतात, विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. याच मराठवाड्याच्या मातीतून आलेल्या आणि या सिद्धांतांची कसोटी पाहणाऱ्या एका ग्रंथाचा त्या ओघात उल्लेखही होत नाही, ही गोष्ट खेदजनक आहे. लातूर जिल्ह्यातील धनेगाव येथे जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मराठी समीक्षेने त्याचा विचार प्रामुख्याने दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या परंपरेत, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’च्या सोबतीने केला. प्रस्तुत लेखात या कृतीचे वाचन गुन्हा, न्याय आणि समाज यांच्या परस्परसंबंधाच्या अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदा आणि जन्म :

इटालियन विचारवंत सिझेर लोंब्रोसो याने जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडणारा आपला ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा संमत झाला होता. पाठ्यपुस्तकांतून हा कालक्रम क्वचितच लक्षात आणून दिला जातो. युरोपात जो विचार कवटीच्या मोजमापातून उभा राहिला, तो येथे जातिव्यवस्थेच्या आधारे आधीच कायद्याच्या रूपाने अवतरला होता. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तर चोराचा मुलगा चोर, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. वसाहतवादी राज्यकर्त्यांनी ही कल्पना सर्वस्वी नव्याने निर्माण केली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरविण्याची सवय गावाला होतीच. राज्यकर्त्यांनी तिला नोंदवही, हजेरी आणि दाखला दिला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत पोहोचली आणि १९२४ साली तिचे एकत्रीकरण झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण अशा जमातींवर नजर ठेवण्याची रीत तेथेही होती.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशींनुसार ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तथापि निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. तोपर्यंत मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झालेला होता. नव्या कायद्यात जमातीऐवजी व्यक्ती आली, जन्माऐवजी पूर्वीच्या शिक्षा आल्या, हा फरक तत्त्वतः मोठा आहे. परंतु संशयावरून प्रथम कोणाला पकडले जाते, हे बदलले नसेल तर शिक्षांची यादीही त्याच वस्तीत वाढत जाणार, हे समजण्यासाठी फार मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

‘फकिरा’ आणि ‘उचल्या’ :

ज्या वर्षी मुंबईचा हा कायदा झाला, त्याच १९५९ साली अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराचा सामाजिक बंडखोरांवरील पहिला ग्रंथही त्याच वर्षीचा. या योगायोगाला अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. परंतु तुलनेसाठी तो उपयुक्त आहे. फकिराची लूट हे बंड आहे. तो भुकेल्यांसाठी लुटतो, सत्तेला आव्हान देतो, आणि वाचकाची सहानुभूती त्याला सहज मिळते. हॉब्सबॉमच्या सिद्धांतात तो नेमका बसतो.

‘उचल्या’तील माणसे असे कोणतेही बंड करीत नाहीत. बाजारात, जत्रेत, गाडीत ती खिसे कापतात ते पोटासाठी. त्या कामाचे प्रशिक्षण आहे, त्यात वाटणी आहे, आणि पोलिसांचा मार सहन व्हावा म्हणून मुलांना घरातच मार खाण्याची सवय लावली जाते. हा तपशील वाचताना अंगावर काटा येतो. पण गायकवाड त्यावर भाष्याचे ओझे फारसे लादत नाहीत, हे त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य होय. चोरीला ते उदात्त करीत नाहीत, नाकारीतही नाहीत. माझ्या मते या ग्रंथाचे गुन्हाशास्त्रीय मोल येथेच आहे.

शिक्का सिद्धांताची मर्यादा :

हॉवर्ड बेकर याने १९६३ साली मांडलेल्या विवेचनानुसार विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसून इतरांनी लावलेल्या शिक्क्याचा परिणाम असतो. ‘उचल्या’वर हा सिद्धांत लागू करण्याचा मोह होतो आणि काही अंशी तो योग्यही आहे. चोरी न करणाऱ्यालाही चोर समजले जाते, गावात काही हरवले की पोलीस याच झोपडीत शिरतात, झडतीच्या नावाखाली स्त्रियांची विटंबना होते. परंतु केवळ शिक्क्याने सर्व उलगडा होत नाही. जमीन नाही, गावगाड्यात मान्य असा व्यवसाय नाही, कोणी कामावर ठेवीत नाही. अशा स्थितीत चोरी ही प्रत्यक्षात घडणारी उपजीविका आहे. शिक्का पुसला म्हणून भाकर मिळत नाही. टेलर, वॉल्टन व यंग यांनी १९७३ मध्ये शिक्का सिद्धांतावर जी टीका केली, ती नेमकी हीच होती : शिक्का मारणाऱ्या यंत्रणेमागील भौतिक व राजकीय रचना हा सिद्धांत पाहत नाही. लातूरच्या सूतगिरणीतील कामगार म्हणून लेखकाचे जे अनुभव येतात, ते या टीकेला पुष्टी देतात. नोकरी मिळाली तरी ती टिकविण्याची लढाई पुन्हा निराळी असते.

याहून महत्त्वाचा भाग पोलीस आणि चोर यांच्यातील व्यवहाराचा. या आत्मकथनात पोलीस जसे मारतात तसेच चोरीतील हिस्साही घेतात. म्हणजे ज्या यंत्रणेने गुन्हा थांबवायचा, तिचा काही भाग त्या गुन्ह्याच्या अर्थकारणातच सामील आहे. सदरलंड यांनी १९४९ च्या ग्रंथात प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधले होते; येथे प्रतिष्ठेचे आवरण खाकी आहे, इतकेच.

काही उणिवा :

या ग्रंथाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सकस नाही, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. चळवळीचे, मेळाव्यांचे तपशील येऊ लागतात आणि घराच्या आतले जग मागे पडते. स्त्रियांचे दुःख येते, परंतु ते पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेतून. त्या स्वतः न्याय कशाला म्हणतात हे वाचकाला फारसे कळत नाही. जातपंचायतीचा प्रश्नही असाच. मुलगा शाळेत जाऊ लागला आणि वस्तीत आजार पसरला, तर दोष शाळेला दिला जातो, हा प्रसंग विलक्षण आहे. राज्याने ज्यांना न्याय नाकारला, त्या समाजाची स्वतःची न्यायव्यवस्थाही भीतीवर उभी असू शकते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली झाला. पंचायतीच्या या सत्तेची अधिक कठोर चिकित्सा लेखकाकडून अपेक्षित होती.

वर्तमान संदर्भ :

१९९८ साली पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर यांचा कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. पुढे केंद्राने बाळकृष्ण रेणके व भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमले, दोघेही महाराष्ट्राचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातील जातिभेदावर आधारित नियम घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये असेही बजावले.

हा निकाल येण्याच्या तीन महिने आधी, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता अमलात आली होती. तिच्या ११२ व्या कलमात ‘किरकोळ संघटित गुन्हा’ असा नवा प्रकार आहे. टोळीच्या किंवा गटाच्या सदस्याने केलेली खिसेकापूगिरी त्यात मोडते आणि तिला एक ते सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे. एकाच पालावर राहणारे, एकाच बाजाराला जाणारे चार नातेवाईक हे कुटुंब समजायचे की गट, हे ठरविण्याचे काम प्रथम ठाण्यातील अंमलदाराकडे येते. ‘उचल्या’तील मुलाच्या घरी झडतीला येणारा शिपाईही हेच ठरवीत होता.