चार दिव्यांची गोष्ट

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या जिथून दिसतात, अशा एका गावातल्या शाळेत आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने स्वतः केलेली पवनचक्की आम्हांला दाखवली. प्लॅस्टिकच्या पाइपाची तीन पाती, सायकलचा डायनामो आणि एक लहानसा दिवा. वारा आला की दिवा छान पेटत होता, तरीही मुलगा नाराज होता. “दिवा पेटतो सर, पण पंप चालत नाही. माझं काय चुकलं?” असे त्याने विचारले. शाळेत त्याने एक चित्रपट पाहिला होता, आणि त्यात अशाच पवनचक्कीने अख्खे शेत भिजले होते!

‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ हा तो २०१९ सालचा चित्रपट. शाळाशाळांतून तो कौतुकाने दाखवला जातो. म्हणून शिक्षकांनी तो चिकित्सकपणे कसा पाहावा, याचा येथे थोडा विचार करू.

कथा खरी आहे. आफ्रिकेतील मलावी देशात २००१-०२ मध्ये मोठा दुष्काळ पडला. विल्यम कामक्वाम्बा या शेतकऱ्याच्या मुलाची शाळा फी न भरल्यामुळे सुटली. मग तो गावच्या प्राथमिक शाळेतील छोट्या ग्रंथालयात जाऊ लागला. तेथे त्याला ‘युझिंग एनर्जी’ हे अमेरिकी पाठ्यपुस्तक मिळाले. इंग्रजी जेमतेमच येत असल्याने त्याने मुख्यतः आकृत्यांवरून विषय समजून घेतला. ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वडिलांच्या सायकलचा सांगाडा, विस्तवावर तापवून सपाट केलेले प्लॅस्टिकचे पाइप आणि निलगिरीच्या खांबांचा मनोरा, एवढ्या सामग्रीतून त्याने २००२ मध्ये पवनचक्की उभी केली. ब्रायन मीलर यांच्यासह त्याने लिहिलेले याच नावाचे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अभिनेता चिवेटेल एजिओफोर यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. चित्रपटाचे गुण मोठे आहेत. तो विल्यमच्या विम्बे गावातच चित्रित झाला असून पात्रे बऱ्याच वेळा त्यांच्या चिचेवा भाषेतच बोलतात. दुष्काळ म्हणजे केवळ पावसाची अवकृपा नव्हे, सरकारी धान्यसाठा विकला गेल्यानेही माणसे उपाशी मरतात, हे तो स्पष्टपणे सांगतो. बापलेकांतला ताणही अस्सल उतरला आहे.

आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. चित्रपटात पवनचक्की फिरते, विहिरीचे पाणी शेतात येते आणि गाव दुष्काळातून वाचते. पुस्तकात असे काही घडत नाही. पवनचक्की झाली तोवर पाऊस व नवे पीक आले होते आणि उपासमार सरली होती. त्या पहिल्या पवनचक्कीवर आधी एक दिवा लागला. पुढे घरात चार दिवे आणि रेडिओ चालू लागले, शेजाऱ्यांचे मोबाइल भारले जाऊ लागले. पाण्याचा पंप पुष्कळ नंतर आला, तोही सौर ऊर्जेवरचा.

चित्रपटाला एवढी सूट द्यायला काय हरकत आहे, असे कोणी म्हणेल. पण वर्गात दाखवायचा असेल तर हिशेब करून पाहायला हवा. विल्यमच्या पवनचक्कीची शक्ती होती सुमारे १२ वॅट, म्हणजे सेकंदाला १२ जूल. एक लिटर पाणी १० मीटर उचलायला सुमारे ९८ जूल लागतात. म्हणजे एका लिटरला आठ सेकंद, तासाला सुमारे ४४० लिटर. एक एकर जमिनीवर ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर साधारण दोन लाख लिटर हवेत. अखंड वारा आणि शंभर टक्के कार्यक्षमता धरली तरी १९ दिवस लागतील. पंप व तारांतील नाश धरून एक-तृतीयांश ऊर्जाच कामी आली, तर जवळजवळ दोन महिने! मधे बॅटरी ठेवली म्हणून ऊर्जा वाढत नाही, ती फक्त साठते.

पवनचक्की मोठी करावी, तर वाऱ्याचाही हिशेब आहेच. वाऱ्यातील शक्ती पात्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या समप्रमाणात आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दोन मीटर व्यासाच्या चक्रातून सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा गेला, तर त्यात सुमारे २३५ वॅट असतात. यातील ५९ टक्क्यांहून जास्त शक्ती कोणतेही यंत्र काढू शकत नाही, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. घरगुती यंत्राला पाव हिस्सा, म्हणजे साठेक वॅट मिळाले तरी पुष्कळ. वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांश होते, हाती उरतात सात वॅट. झाडांचा आडोसा टाळण्यासाठी विल्यमने आपला मनोरा पुढे १२ मीटरपर्यंत नेला, तो यामुळेच.

चित्रपटाचे खरे नुकसान मात्र आणखी वेगळे आहे. विज्ञान म्हणजे एका झटक्यात होणारा चमत्कार, असा ठसा त्याने उमटतो. पुस्तकात चप्पलच्या रबराचे बटण आहे. तारा एकमेकींना लागून गवती छपराला आग लागेल या धास्तीने खिळे, तार आणि चुंबक यांपासून केलेला सर्किट ब्रेकर आहे. चूक सापडणे, ती दुरुस्त करणे, पुन्हा बिघडणे, हा विज्ञानाचा नित्यक्रम तेथे पानोपानी दिसतो. पुस्तकातही वाऱ्याच्या वेगाचे आकडे हवे होते, आणि यश मिळाल्यानंतरच्या प्रवासांचा भाग सैल झाला आहे. तरी शिक्षकांनी निवड करायची झाल्यास आम्ही पुस्तकाची शिफारस करू.

चित्रपट दाखवूच नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर दाखवावा, पण पाणी शेतात शिरण्याआधी थांबवावा आणि वरचे गणित मुलांकडून करून घ्यावे. ते सुटल्यावर मग शेवट दाखवावा.

त्या मुलाबरोबर आम्ही हेच गणित फळ्यावर सोडवले. उत्तर आले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे माझी बरोबर चालते आहे.” चार दिव्यांची खरी गोष्ट आधी सांगितली असती, तर चालत्या यंत्राशेजारी उभे राहून त्याला आपण नापास झालो असे वाटलेच नसते. त्याचा दिवा आता गोठ्यात लागला आहे. पंपासाठी किती मोठे चक्र लागेल, याचा हिशेब त्याने वहीत सुरू केला आहे.