चार कोरी पानं

‘ट्वायलाइट’ला हसणं आता जुनं झालं. उन्हात चमचमणारा व्हँपायर, सारखी ओठ चावणारी नायिका, निळ्या-हिरव्या रंगात बुडवून काढलेला सिनेमा. यावर इतके मीम्स येऊन गेलेत की पुस्तक न वाचलेल्यालाही ते वाचल्यासारखं वाटतं. मी ते पहिल्यांदा वाचलं शाळेत असताना, पुण्यात, मे महिन्यात, पंख्याखाली. तेव्हा त्यातला पाऊस भारी वाटला होता. आता सिअॅटलमधला माझा तिसरा हिवाळा चालू आहे. पुस्तक परत हातात घेतलं, तर एडवर्डची पानं मी भराभर उलटत होते आणि हवामानापाशी थांबत होते. कारण मुळात हे स्थलांतराचं पुस्तक आहे. उन्हाच्या गावातली एक मुलगी ढगांच्या गावात राहायला जाते, हा त्याचा सांगाडा. व्हँपायर नंतर येतात.

बेला सतरा वर्षांची. फिनिक्स सोडून ती वडिलांकडे, फोर्क्सला येते. फोर्क्स हे खरं गाव आहे, सिअॅटलच्या पश्चिमेला, ऑलिंपिक डोंगरांच्या पलीकडे. स्टेफनी मेयर राहायची अॅरिझोनात. २००३च्या उन्हाळ्यात तिने हे पुस्तक लिहायला घेतलं. अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो हे इंटरनेटवर शोधलं आणि तिला हे गाव सापडलं. तोवर ती तिथे गेलेलीही नव्हती. म्हणजे भर उन्हाळ्यात, वाळवंटात बसून, न पाहिलेल्या पावसाबद्दल लिहिलेलं हे पुस्तक. वाचताना ते दिसतंही. पावसाचं वर्णन जेवढं आहे, तेवढं पावसात राहण्याचं नाही.

फोर्क्सला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून ईशान्येला सीक्विम नावाचं गाव आहे, तिथे जेमतेम ४००. महाबळेश्वर आणि माणदेश, तसाच प्रकार. सिअॅटल या दोन्हींच्या मधलं. इथे वर्षभरात सुमारे १००० मिलिमीटर पडतो, आणि मुंबईत एकट्या जुलैमध्ये जवळपास तेवढा पडून जातो. मुंबईकर मित्रांना हे सांगितलं की ते मला वेड्यात काढतात: एवढ्याशा पावसाला वैतागतेस? पण हेच हजार मिलिमीटर इथे वर्षातल्या दीडशे दिवसांवर पसरलेले असतात, त्यातले बरेचसे ऑक्टोबर ते मार्चमध्ये, आणि त्यातच २१ डिसेंबरला दिवस साडेआठ तासांचाही नसतो. सूर्य आठला पाच मिनिटं कमी असताना उगवतो आणि चार वीसला मावळतो. ‘उगवतो’ हे कॅलेंडरवर. आपल्याला दिसते ती फक्त काळ्याची राखाडी होताना.

मराठीत आपल्याकडे पावसाचे शब्द भरपूर. रिमझिम, भुरभुर, मुसळधार, संततधार, विदर्भातली झड. त्यातला ‘रिपरिप’ हा इथे सगळ्यात जवळचा. पण पाऊस नसताना नुसतंच जे भरून राहिलेलं असतं, त्याला आपल्याकडे एकच बरा शब्द आहे, ‘मळभ’. आणि मळभाचा स्वभावच जाण्याचा. ते येतं, दूर होतं. बोलण्यातही मनावरचं मळभ ‘दूर होण्यासाठीच’ असतं. सकाळी सातला मी घरी फोन करते तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ असतात. आई विचारते, “आज काय हवा?” मी म्हणते, मळभ. “जाईल गं, दुपारपर्यंत उघडेल.” पाच महिने ती रोज हेच म्हणते. तिची भाषा तिला दुसरं काही म्हणू देत नाही.

आपलं पावसाचं साहित्यही याच सवयीचं. बालकवींच्या श्रावणात पावसाच्या जोडीला ऊन लागतंच. ग्रेस यांच्याकडे पाऊस दुःखाशी बांधलेला आहे खरा, पण त्या पावसाला आवाज आहे, तो कोसळतो, काहीतरी घडवतो. चार महिन्यांच्या उन्हाळ्यानंतर येणाऱ्या पाहुण्याचं हे साहित्य आहे. त्यामुळे नुकतीच इथे आलेली बेला जेव्हा आजूबाजूच्या हिरव्या रंगालाच वैतागते, तेव्हा मराठी वाचक गोंधळतो. हिरव्याला कोण कंटाळेल? मीही शाळेत असताना गोंधळले होते. आता तीन वर्षं झाडाच्या खोडावर, छपरावर, पार्क केलेल्या गाड्यांच्या खिडक्यांच्या रबरावर शेवाळ बघितल्यावर ते वाक्य मला मुळीच अतिशयोक्त वाटत नाही.

मेयरबाईंची खरी हुशारी पुढे आहे. एडवर्डच्या घराण्याला उन्हात लोकांसमोर येता येत नाही, म्हणून ते या गावात राहतात. ऊन पडलं की ही मंडळी शाळेला दांडी मारतात. परिणाम असा की उन्हासाठी झुरणारी बेला हळूहळू ढगांची वाट पाहायला लागते. स्वच्छ ऊन पडलेला दिवस हा तिच्यासाठी विरहाचा दिवस होतो. कालिदासाचा यक्ष ढग पाहून व्याकूळ होतो. ही ढग नसल्यामुळे व्याकूळ होते. गंमत वाटेल, पण नव्या गावाशी जुळवून घेणं असंच असतं. हवा बदलत नाही, आपण कशाची वाट पाहतो ते बदलतं. एवढ्या बाजारू पुस्तकात हे इतक्या सहज येऊन जातं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग २००६चं ‘न्यू मून’. एडवर्ड बेलाला सोडून जातो आणि प्रकरण संपतं. पुढच्या पानावर फक्त ‘ऑक्टोबर’. पान उलटलं की ‘नोव्हेंबर’. मग ‘डिसेंबर’. मग ‘जानेवारी’. बाकी पानं कोरी. सिनेमात याच जागी बेला खिडकीशी खुर्चीत बसलेली असते, कॅमेरा तिच्याभोवती फिरत राहतो आणि बाहेरचे महिने बदलत जातात. इथल्या हिवाळ्याबद्दल मी वाचलेलं सगळ्यात अचूक लेखन म्हणजे ही चार पानं, आणि त्यांवर फक्त महिन्यांची नावं आहेत. मागच्या नोव्हेंबरात मी काय केलं, असं कुणी विचारलं तर मलाही महिन्याचं नावच आठवतं.

पण माझं भांडणही इथेच आहे. या कोऱ्या पानांना मेयरबाई कारण देतात: मुलगा सोडून गेला. आणि उपायही देतात: दुसरा मुलगा. जेकबचं अंग कायम तापलेलं, बेला तर त्याला आपला स्वतःचा सूर्यच म्हणते. म्हणजे ढगही मुलगा आणि ऊनही मुलगा. वयाच्या पंधराव्या वर्षी हे वाचलेल्या वाचकाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसतो की मन उतरलं असेल तर त्याला कुणीतरी जबाबदार असणार. इथे नव्याने आलेल्यांमध्ये मी हा हिशेब दर डिसेंबरात मांडलेला बघते. नोकरीच चुकीची निवडली, रूममेटच खडूस आहे, नवऱ्याचं लक्षच नाही, देश सोडायलाच नको होता. यातलं एखादं खरंही असेल. पण तेच एप्रिलमध्ये विचारलं तर निम्मी माणसं विसरलेली असतात.

याच्या शेजारी मला एक खरी गोष्ट ठेवावीशी वाटते. नॉर्मन रोझेंथाल हा डॉक्टर १९७६ साली जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आला. तोही उन्हाच्या गावाहून आलेला. हिवाळ्यात आपला उत्साह गळून जातो आणि वसंतात परत येतो, हे त्याने स्वतःवरच पाहिलं. १९८४ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या ऋतूंबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं. त्यांनी तपासलेला उपाय अगदीच नीरस होता: सकाळी तेजस्वी दिव्यासमोर बसायचं. आज साधारण १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास, असं सांगितलं जातं. घरातला नेहमीचा उजेड काहीशे लक्सचा असतो, आणि बाहेरचं ढगाळ आकाशसुद्धा दुपारी त्याच्या कितीतरी पट. म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत भिजत का होईना, चालायला जाणारे लोक इथे दिसतात. त्रास खोल असेल तर डॉक्टरकडे जावं लागतं, तो भाग वेगळा. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ संध्याकाळची. मी ती सकाळी सातला करते, आईच्या फोनबरोबर. ‘न्यू मून’मध्ये कुणी बेलासमोर एक दिवा आणून ठेवला असता तर मोटारसायकली, कड्यावरून उड्या, इटलीवारी हे सगळं वाचलं असतं, अर्थात पुस्तकही वाचलं असतं. या मालिकेच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या, त्या दिव्यावर खपल्या नसत्या.

अजून एक खटकतं. फोर्क्सजवळच ला पुश इथे क्विल्यूट लोक राहतात, या पावसात पिढ्यान्‌पिढ्या. या किनाऱ्यावरच्या लोकांनी सीडरच्या सालीच्या टोप्या आणि पावसाळी अंगरखे विणले. हिवाळा हा त्यांचा एकत्र येण्याचा, समारंभांचा, गोष्टी सांगण्याचा काळ. लांडग्यांपासून माणसं झाल्याची क्विल्यूटांची स्वतःची कथा आहे. मेयरबाईंनी त्यातला लांडगा घेतला आणि व्हँपायरांशी असलेलं वैर आपल्या पदरचं जोडलं. ज्यांना हा हिवाळा कसा काढायचा हे खरोखर माहीत होतं, त्यांच्या वाट्याला पुस्तकात उघड्या अंगाने पावसात फिरणं आलं.

तरीही पहिल्या पुस्तकातली एक जागा मी परत परत वाचते. रात्री थंडी पडून रस्त्यावर बर्फ झालंय. बेला शाळेत पोचते आणि तिच्या लक्षात येतं की ट्रकच्या चाकांना साखळ्या लावलेल्या आहेत. वडिलांनी, चार्लीने, पहाटे कधीतरी उठून ते केलंय, न सांगता. तिचा गळा भरून येतो. मग लगेच एक गाडी घसरत येते, एडवर्ड तिला वाचवतो आणि पुस्तक पुन्हा त्याच्या मागे धावत सुटतं. साखळ्या मागे राहतात.

त्या चार कोऱ्या पानांचं काय झालं, हेही शेवटी चार्लीकडूनच कळतं. ‘न्यू मून’च्या उत्तरार्धात तो अॅलिसशी हळू आवाजात बोलत असतो, आणि बेला सोफ्यावर झोपेचं सोंग घेऊन ऐकत असते. ते महिने घरात कसे गेले, पोरगी कशी दिसत होती, हे तो सांगतो. चार्ली बोलका माणूस नाही, त्यामुळे त्याला ते नीट जमतही नाही. सबंध मालिकेत इथला हिवाळा मला एवढ्याच दोन-तीन पानांत भेटला, आणि तो सांगणारा माणूस त्या खुर्चीत बसलेला नव्हता. तो स्वयंपाकघरातून तिच्याकडे बघत होता.