पानिपत वाचताना : तोंड कुठल्या दिशेला?

‘वाचन वाढवायचंय, युद्धावरचं काय वाचू?’ असं तरुण मुलं मला नेहमी विचारतात. यादी द्यायला सोपी आहे. पण यादी वाचून संपली म्हणजे माणूस बहुश्रुत झाला, असं होत नाही. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतोय.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. मी ती रात्री जागून वाचली आणि आपल्याला पानिपत कळलं अशा थाटात फिरू लागलो. आमच्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला : ‘१४ जानेवारी १७६१ला आपली फौज कुठल्या दिशेला तोंड करून लढली?’ मी म्हटलं, ‘उत्तरेला. अब्दाली उत्तरेकडून आला ना!’ (हशा)

हसू नका, बहुतेकांचं उत्तर हेच असतं. फौजेचं तोंड दक्षिणेला होतं. ऑक्टोबर १७६०मध्ये भाऊंनी दिल्लीच्या उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरून मागे आला. म्हणजे दिल्ली, रसद, घर, सगळं त्याच्या पाठीशी. पुढचे अडीच महिने हा पेच सुटला नाही. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्याची उरलीसुरली आशाही संपली. शेवटची लढाई ही घराकडे वाट काढायची लढाई होती. एवढी एक दिशा कळली की भाऊंच्या ‘हट्टा’बद्दल आपण जे बेधडक बोलतो, ते जरा जपून बोलू लागतो.

आता दोष कादंबरीचा होता का? नाही. दोष माझ्या वाचण्याचा होता. कादंबरी मी माणसांसाठी वाचली, नकाशासाठी नाही. पाटलांचं मोठं काम हे की, पराभवाचा धनी म्हणून टाकून दिलेला भाऊ त्यांनी मराठी वाचकाच्या मनात पुन्हा उभा केला. पण भाऊंच्या मनात त्या सकाळी काय चाललं होतं, ते कुठल्याच पत्रात सापडत नाही. ती जागा कादंबरीकार भरतो. त्याने ती भरावीच, तो त्याचा हक्क आहे. वाचकाने मात्र कुठली जागा भरलेली आहे, हे ओळखायला हवं.

त्यासाठी शेजवलकर. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ १९४६ साली डेक्कन कॉलेजने इंग्रजीत काढला, पुढे तो मराठीतही आला. बखर काय म्हणते, पत्रं काय म्हणतात, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज काय म्हणतो, हे एकमेकांशी ताडून बघायचं असतं, ही शिस्त तिथे लागते. वाचायला जड आहे, खरं आहे. पण कादंबरीनंतर वाचा, प्रत्येक पानावर ओळखीची माणसं भेटतात.

तरीही एक गोष्ट या दोन्ही प्रकारांत निसटते. छावणीत लढणाऱ्यांहून जास्त बुणगे होते. बाजारकरी, यात्रेकरू, बायका, पोरं. ‘बुणगे’ हा शब्द आपण आजही तुच्छतेनेच वापरतो. इतिहासात ते रसदीवरचं ओझं असतात, कादंबरीत मागची गर्दी. पराभवाच्या वार्तेची ती सावकारी चिठ्ठी आठवा. मोती दोन, मोहरा सत्तावीस. चांदी-तांब्याची मोजदादच नाही. माझ्या मते पानिपतावरची सगळ्यात प्रामाणिक टीका त्या चिठ्ठीतच आहे, आणि ती आपल्या वाचनालाही लागू पडते. आपणही मोती-मोहराच मोजतो.

टॉलस्टॉय स्वतः सेव्हस्तोपोलला लढलेला माणूस. पण बोरोदिनोची लढाई दाखवताना तो पिएरला रणात पाठवतो. पिएर सैनिक नाही, डोक्यावर पांढरी टोपी घालून तोफांमध्ये वाट चुकलेला माणूस आहे. त्याला डावपेच कळत नाहीत, म्हणूनच आपल्याला लढाई दिसते.

आपल्याकडे असा माणूस खरोखरच होता. नाना फडणीस! पुढचे मुत्सद्दी नाना नव्हेत. तीर्थयात्रेच्या ओढीने आई-बायकोसह फौजेबरोबर निघालेला, एकोणीस वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा. त्या दिवशी तो जीव घेऊन निसटला. बायको वाचली, आईची पुन्हा भेट झाली नाही. नानांनी आत्मवृत्तात हे लिहून ठेवलंय, मोजक्या पानांत. तिथे भाऊ हा नायक नाही की गुन्हेगार नाही. आई हरवलेली आहे.

म्हणून माझी यादी एवढीच. आधी कादंबरी, ओढ लागण्यासाठी. मग शेजवलकर, शेजारी नकाशा उघडून. आणि शेवटी नानांची ती पानं. तिन्ही वाचल्यावर कुणी सहज ‘अमक्याचं पानिपत झालं’ असं म्हणालं, तर तुमची जीभ क्षणभर अडखळेल. तशी अडखळली, तर वाचन वाढलं असं समजा.

आता प्रश्न घेऊ या.