झरीतला अंगठा कुणाच्या डॅशबोर्डवर दिसतो?

आमच्या आयटीवाल्यांच्या कँटीनमध्ये एक वाक्य ठरलेलं आहे : "सरकारी अॅप आहे ना, मग बंद पडणारच." बोलणारा त्याच वेळी चहाचे पैसे यूपीआयने देत असतो. यूपीआय एप्रिल २०१६मध्ये आणलं ते एनपीसीआयने. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने आणि बँकांच्या भांडवलावर उभी राहिलेली, नफ्यासाठी नसलेली ही संस्था. फोनपे आणि गुगल पे ही त्या रस्त्यावरची दुकानं. रस्ता त्यांनी बांधलेला नाही. तेव्हा सरकारी पुढाकारातून नवं काही घडतं का, याचं उत्तर 'घडतं' असं देऊन इथेच थांबता आलं असतं.

पण हाच प्रश्न झरीत नेऊन विचारला की अवघड होतो.

झरी तलासरी तालुक्यात, पालघर जिल्ह्याच्या गुजरातला लागून असलेल्या टोकाला. २३ मे १९४५ रोजी इथे वारल्यांची परिषद भरली आणि हजारो माणसं वेठ करायची नाही असं ठरवून घरी गेली. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्यांना पुढचं ठाऊक आहे. लग्नासाठी उसने घेतलेल्या थोड्या पैशांपायी माणूस जन्मभर लग्नगडी म्हणून राबायचा. हिशेब सावकाराच्या वहीत. वहीत काय लिहिलंय हे राबणाऱ्याला वाचता येत नसे, आणि चुकलंय असं म्हणायला जागा नसे.

आज रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. ही तुलना मुद्दाम ताणत नाही. सरकार सावकार नाही, आणि मशीन आल्यावर दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणं दुकानदाराला अवघड झालं, हे मान्यच करायला हवं. माझा मुद्दा वहीचा आहे. भातलावणी करून, लाकूडफाटा वाहून रेषा झिजलेला अंगठा मशीनने ओळखला नाही, तर 'चुकलंय' हे कुणाला सांगायचं? ओटीपीचा पर्याय असला, तरी नोंदवलेला मोबाइल बरेचदा मुलाकडे असतो आणि मुलगा वापीच्या नाहीतर उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर.

आमच्या धंद्यात याला उत्तर आहे, आणि ते फार हुशारीचं नाही. पैसे भरायच्या बटनावर चुका वाढल्या की रात्री दोन वाजता ऑन-कॉल इंजिनिअरचा फोन वाजतो. कंपनीला ग्राहकाचा कळवळा असतो म्हणून नव्हे; ग्राहक दुसऱ्या अॅपवर जाईल ही भीती असते. झरीतल्या बाईला दुसरं रेशन दुकान मिळेल, दुसरं सरकार मिळत नाही. तिचा अंगठा तीनदा नाकारला गेला म्हणून मंत्रालयात कुणाची झोप मोडत नाही. खासगी क्षेत्राकडून शिकायचं ते एवढंच. चकचकीत स्क्रीन आणि 'स्टार्टअप संस्कृती' यांचं आकर्षण अधिकाऱ्यांना उगाच वाटतं.

नियम नाहीत असंही नाही. अंगठा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नका, पर्यायी ओळखपत्र पाहून द्या, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७मध्ये राज्यांना कळवलं होतं. म्हणजे अपवाद परिपत्रकात आहे. दुकानात मात्र मशीन 'नाही' म्हणालं की दुकानदारही 'नाही' म्हणतो, कारण त्याचा हिशेब मशीनशी जुळायला हवा. परिपत्रक कितीही उदार असो, माणसाच्या वाट्याला येतं ते मशीन.

मग खासगी कंपनीला द्यावं का? कंपनीचा सर्वांत मोठा फायदा तंत्रज्ञानाचा नसतो, तो 'तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही' असं म्हणता येण्याचा असतो. पिनकोड परवडत नसला की तो सोडता येतो. आम्ही जुने फोन वापरणारे ग्राहक चक्क यादीतून काढतो आणि त्याला आधुनिकीकरण म्हणतो. सरकारला झरी यादीतून काढता येत नाही. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका आदिवासी बाईला दिला गेला. असा पहिला ग्राहक कोणत्या कंपनीने निवडला असता? समारंभ म्हणून तो सुंदर होता, हेही लिहून ठेवतो. पहिला ग्राहक आणि शेवटचा ग्राहक यांत फरक असतो. पहिल्यासाठी पंतप्रधान येतात.

मला खरं नावीन्य ई-पीक पाहणीत दिसतं. ऑगस्ट २०२१पासून ती राज्यभर आली; अॅप घडवण्यात टाटा ट्रस्टचा हात होता, म्हणजे सरकारी की खासगी ही भिंत इथे आधीच पडलेली. पूर्वी शेतात काय उभं आहे हे तलाठी लिहायचा, आणि काही वेळा शेत न पाहताच लिहायचा. आता शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यावर नोंद चढते. नोंदीची लेखणी शेतकऱ्याच्या हातात देणं ही कल्पना कोणत्याही कंपनीच्या कल्पनेपेक्षा मोठी आहे. वहीच उलटी फिरवली! पण साधा फोन असलेल्या म्हाताऱ्याची मुदत हुकली, तर नोंद राहते. आणि अवकाळी पावसाने भात झोपला की भरपाईच्या वेळी पहिला प्रश्न नोंदीचाच येतो. गावात सहायक नेमायची सोय नंतर आली. नंतर का? कारण फोन चालवणारा शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून अॅप बनलं. कोविनचंही असंच झालं. मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी ऑनलाइन नोंदणीची सक्ती, मग काही आठवड्यांत थेट केंद्रावर येण्याची मुभा. शहाणपण दरवेळी दुसऱ्या आवृत्तीत येतं.

तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला वजन आहे. रेशन दुकानावर दक्षता समिती असते. महिन्यात किती अंगठे नाकारले गेले आणि त्यांतल्या किती घरांना त्या महिन्यात धान्य मिळालंच नाही, हे दोन आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत, अशी मागणी करता येईल. त्यासाठी निविदा नको, सल्लागार नको, नवं अॅपही नको. प्रत्येक फसलेला प्रयत्न सर्व्हरवर नोंदला जातच असतो.