भागीदारी की सालदारी?

आज मी एका शब्दावरच अडून बसणार आहे. तत्त्वज्ञानवाल्यांची ही खोडच असते, सांभाळून घ्या. शब्द आहे 'भागीदारी'. कंपनी, वनखातं आणि गाव मिळून जंगल उभं करणार, असा त्याचा आजचा अर्थ.

2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याचं बंधन आलं. त्याच सुमारास राज्यात आकड्यांची शर्यत लागली. 2016 मध्ये लक्ष्य 2 कोटी रोपांचं होतं, 2019 मध्ये ते 33 कोटींवर गेलं. पैसा आला, आकडा आला. भागीदारी आली का?

यवतमाळच्या माणसाला भागीदारी शिकवावी लागत नाही. आपल्याकडे बटई आहे. जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, कापूस निम्मा-निम्मा. बटईत अन्याय नसतो असं मी म्हणत नाही. पण पाऊस दगा देतो तेव्हा दोघांच्याही घरात कापूस येत नाही. भागीदार ओळखायचा तो बुडीच्या वर्षात.

आता हीच कसोटी रोपवनाला लावून बघा. जमीन वनखात्याची किंवा गावाच्या गायरानाची. खड्डे खणणारे हात कोलाम पोडावरचे, गोंड वस्तीवरचे. कंपनीचा पैसा काही वर्षांपुरता. रोपं जगली तर छायाचित्र कंपनीच्या वार्षिक अहवालात. मेली तर? अहवालात 'लावलेली' रोपं आधीच मोजून झालेली असतात. गावाची मात्र तेवढी वर्षं चराई बंद राहिलेली असते, बकऱ्या विकलेल्या असतात. ज्याला फक्त मजुरी मिळते आणि नुकसान पूर्ण सोसावं लागतं, त्याला आपण भागीदार म्हणत नाही. त्याला सालदार म्हणतात. आणि सालदाराला निदान वर्षाची हमी तरी असते.

कंपनीचा पैसा विटाळलेला असतो, असं मला म्हणायचं नाही. राखणदाराचा पगार कुठून तरी यायलाच हवा. प्रश्न त्या पैशाने काय विकत घेतलं जातं, हा आहे. 2023 च्या हरित पत नियमांनी हे उघड केलं. फेब्रुवारी 2024 च्या पद्धतीनुसार हेक्टरी किमान 1100 झाडं, दोन वर्षांनी झाडामागे एक पत. पुढे 2025 मध्ये पाच वर्षं आणि चाळीस टक्के छत्राची अट आली. ही सुधारणा आहे, मान्य. पण पत जमा होते ती पैसे देणाऱ्याच्या नावावर, आणि पर्यायी वनीकरणाच्या जबाबदारीपोटी तिचा उपयोग करता येतो. वणीच्या कोळसापट्ट्यातील लोकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

शिवाय 'पडीक वन' म्हणजे काय? आपल्या पानगळीच्या रानात साग, पळस, धावडा यांची खुंटं जमिनीत जिवंत असतात. वणवा आणि कुऱ्हाड थांबवली, चराई आळीपाळीने केली, तर फुटवे आपणहून येतात. कागदावर पडीक असलेल्या त्याच रानातून बाया तेंदूपत्ता आणि मोहफुलं आणतात. पण फुटव्याला कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही, त्याचं उद्घाटनही होत नाही. म्हणून तिथेच खड्डे खणले जातात, कधी कधी जिवंत मुळं तोडून.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे क्रम उलटा होता: आधी हक्क, मग बाहेरच्यांशी बोलणी. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला राखणीचा अधिकार देतं. आपल्या जिल्ह्यात करार करण्याआधी तीन गोष्टी मराठीत आणि कोलामीत वाचून दाखवाव्यात: रोपं मेली तर नुकसान कोणाचं, चराई बंद असताना चाऱ्याचं काय, आणि पत कोणाच्या खात्यात. उत्तरं लेखी मिळेपर्यंत ग्रामसभेने सही करू नये.

पांढरकवड्याकडून आलेल्या मंडळींनी हात वर केलेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ या.