रॉबर्ट फॉर्स्टर यांचें गायन

ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं १९७७ सालीं रॉबर्ट फॉर्स्टर व ग्रँट मॅक्लेनन या मित्रांनीं ‘गो-बिट्वीन्स’ हें गायक-वादकांचें मंडळ काढलें. टीकाकारांनीं त्यास वाखाणिलें, गिऱ्हाइकांनीं पाठ फिरविली. सहा दीर्घ ध्वनिमुद्रिका काढून १९८९ सालीं तें मोडलें. २००० सालीं दोघे पुन्हां एकत्र आले. २००६ सालीं मॅक्लेनन वारले. त्या शहरांतील एका नव्या पुलास मंडळाचें नांव मिळालें. (पुलावर टोल आहे; त्याच्या निम्मे पैसे लोकांनीं वेळींच गाण्यांवर खर्चिले असते तर!)

जर्मनींतील एका लहान सभागृहांत फॉर्स्टर यांस ऐकावयास जातांना, जुन्या स्मृतींचें प्रदर्शनच पदरीं पडतें कीं काय, अशी आम्हांस धास्ती होती. ते एकटेच गिटार घेऊन उभे राहिले. आवाज गोड नाहीं. गाण्यापेक्षां तें ठसठशीत बोलणेंच अधिक. पण त्यामुळेंच शब्द चालीखालीं दडपत नाहींत. मॅक्लेनन यांची चाल ओघवती, यांची थबकणारी. एकामागून दुसरी येई, यांतच मंडळाची खरी लज्जत होती. ती आतां कोठून येणार? मित्राचीं तीन अपुरीं गीतें पुरीं करून फॉर्स्टर यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांतील एक म्हणतांना त्यांनीं ना मित्राच्या आवाजाची नक्कल केली, ना गहिंवर आणला. ओघवत्या ओळी आपल्याच तुटक ढंगानें म्हटल्या, आणि जेथें दुसरा आवाज यावयाचा तेथें नुसती गिटार वाजूं दिली. मधलें विनोदी निवेदन थोडें लांबलें. त्या ठिकाणीं आणखी एक गाणें सहज बसलें असतें.